एक सांधताना

टॉर्ग्नी म्हणतो, फक्त कार्ड बदल.
त्याच्या दुकानात हल्ली माल कमी, खोकी जास्त,
येत्या वसंतात दुकानच नव्या गावात हलायचंय.
फक्त कार्ड, असं म्हणतो
आणि पावतीच्या पाठीवर लिहायला घेतो:
कार्ड लांब आहे, पेटीत मावणार नाही, म्हणजे पेटी.
कार्ड तहानलेलं आहे, म्हणजे मोठा पॉवर सप्लाय.
त्याच्या वेगाला पुरेल असा प्रोसेसर,
प्रोसेसर बसेल असा मदरबोर्ड,
मदरबोर्डला चालेल अशी रॅम.
एक सांधलं की तेरा तुटतात.
शेवटी जुना उरतो तो कीबोर्ड.
त्यावरचं डब्ल्यू अक्षर झिजून गेलंय,
अकरा वर्षं मी नुसती पुढेच चालतेय.

घरी येऊन पेटीचं झाकण काढते.
आतलं कार्ड स्वतःच्या वजनानं वाकलेलं,
योंतेनं ते वर बांधून ठेवलंय
हॉकीच्या बुटाच्या लाल नाडीनं, सहावीत असताना.
गाठ अजून घट्ट.
आता तो लुलेओला असतो, बॅटऱ्यांबद्दल काहीतरी शिकतो.
फोनवर म्हणाला, आई, त्या डब्याला असलं कार्ड म्हणजे
नाकापेक्षा मोती जड. फेकून दे सगळं.
मग जरा थांबून,
नाडी मात्र फेकू नकोस.

फ्रिजवर खाणीचा कागद लावलाय.
किरुनाच्या पोटातलं लोखंड काढता काढता
आमचा रस्ताही वाकायला लागलाय,
आणि त्याला बांधायला नाडी नाही.
कागदावर दोन चौकोन: नवं घर, किंवा पैसे.
'आहे तेच दुरुस्त करून द्या' असा चौकोन नाही.
पान उलटून बघितलं मी.

चर्च हलवलं त्या दिवशी मीही गर्दीत होते.
अख्खंच्या अख्खं, चाकांवर,
माणूस चालेल त्याहून सावकाश.
थर्मासमधली कॉफी संपली तरी ते त्याच वळणावर.
लोक म्हणाले, बघा, एक फळी सुटली नाही.
शेजारची आउने म्हणाली,
हो, पण खालची जमीन मागेच राहिली की.
मला मदरबोर्ड आठवला.
बोलले नाही. चर्चसमोर असलं कोण बोलतं.

रात्री कार्टमध्ये सात वस्तू आणि खाली एक बेरीज.
तेवढ्यात दक्षिणेला जाऊन आठवडाभर ऊन खाल्लं असतं.
खेळ सुरू करते.
जंगल हप्त्याहप्त्यानं येतं:
आधी खोड, मग सावली, पानं सगळ्यात उशिरा.
शत्रू मला मारून जातो
आणि मग मला दिसतो.
पायांशी मात्र ऊब आहे.
डिसेंबर, सूर्य रजेवर,
आणि हा डबा रेडिएटरपेक्षा प्रामाणिक.
पंखा तेवढा खरखरतो, गेल्या ईस्टरपासून,
कुणीतरी घसा खाकरावा, बोलायची तयारी करावी,
आणि बोलूच नये, तसा.

एक वाजून वीस मिनिटं.
खाली, खूप खाली, सुरुंग उडतात.
रोजचंच आहे. मी दिवसा त्याच खाणीत
पडद्यावरून दगडांच्या गाड्या हाकते,
तरी रात्रीचा हा धक्का मला कुणा परक्याचा वाटतो.
कपाटातले पेले एकमेकांना विचारतात, पडायचं का?
खुर्ची हलते, मी हलते, जंगल हलतं,
आणि पंख्याची खरखर

थांबते.

हेडफोन काढून ऐकते.
नुसता वारा. गुळगुळीत.
खोक्यातून आज काढल्यासारखा.

टॉर्ग्नीला सांगितलं तर म्हणेल,
कुठला तरी स्क्रू जागेवर बसला असेल, चार दिवस टिकेल.
टिकू दे चार दिवस.
कार्टमधलं काही काढत नाही, मागवतही नाही.
डब्ल्यूवर बोट ठेवते.
खोड येतं.
सावलीची वाट बघते.